पहिले हजार

तीन नऊ एकदम तीन शून्यं झाले
तेव्हा मी समरसाइडच्या रस्त्यावर होतो.
दोन्ही बाजूंना बटाटा फुलावर आलेला, माती लालभडक.
उगाच थांबलो, मागे वळून बघितलं,
कोणी पाहिलं का.

डीलर पुलापलीकडे, मॉन्क्टनला.
फोनवरच्या बाई गोड बोलल्या :
पहिली सर्व्हिस चारशे अठरा. टॅक्स वेगळा.
विचारलं, काय काय करता?
त्या वाचत गेल्या, मी ऐकत गेलो.
तेल बदलणे, फिल्टर बदलणे,
साखळी तपासणे, केबल तपासणे, नटबोल्ट तपासणे,
तपासणे, तपासणे, तपासणे.
नुसतं बघण्याचे इतके पैसे
माझ्या डोळ्यांना कुणी दिले नाहीत,
आणि मी वीस वर्षं
पट्ट्यावरून सरकणारे बटाटे तपासतोय.

झेलीने हिशोब मांडला.
शेवंडांची वजनं लिहिण्यात तिचा जन्म गेला,
काट्यावर तिचा भरवसा, माणसांवर बेताचा.
एका रकान्यात डीलर, टॅक्स, पेट्रोल, पुलाचा टोल,
एक बुडालेली पाळी.
(वारा सुटला की दुचाकीला पुलावर सोडत नाहीत,
म्हणजे कदाचित दोन.)
दुसऱ्यात तेल बावन्न, फिल्टर सतरा,
टॉर्क रेंच एकशे चाळीस.
"हा पाना परत कधी वापरणार?"
"आयुष्यभर."
तिने पेन्सिलीने लिहिलं : आयुष्यभर,
आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मेहुणा लेओन्स म्हणाला, वॉरंटीचं काय?
तो स्वतः दाढीसुद्धा दुसऱ्याकडून करून घेतो.
म्हणाला, आन्सेल्म, हात दाखवून अवलक्षण.

शनिवारी शेडमध्ये तेल काढलं, कोमट असतानाच.
ट्रेमध्ये काळं नव्हतं, मधासारखं होतं,
आणि विजेरी धरली तर आत बारीक चमचम.
घाबरलो. मग पुस्तकात वाचलं :
नवे दाते एकमेकांना घासून जागा करून घेतात,
पहिल्या हजारात एवढा चुरा पडायचाच.
झेलीला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली, आपलं तेल कुणी बदललं होतं?

आणि मग वॉशर.
बूच बसवायची तांब्याची चकती, अंगठीहून लहान,
एकदा दाबली की पुन्हा कामाची नाही.
यादीत ती नव्हतीच. किंमत दोन डॉलर.
अख्ख्या बेटावर त्या मापाची मिळेना.
गाडी रिकाम्या पोटाने उभी,
एकशे चाळीसचा पाना खिळ्याला टांगलेला,
लेओन्स रोज काही ना काही निमित्ताने शेडमध्ये.

सोमवारी फोन केला. त्याच बाई.
हसतील असं वाटलं. त्यांनी पत्ता विचारला.

गुरुवारी पाकीट आलं.
आत दोन वॉशर आणि कागदाचा एक कपटा,
कडेला तेलकट अंगठा उमटलेला :
"बावीस न्यूटन मीटर. टिक वाजली की थांबा.
दुसरी टिक ऐकावीशी वाटते. ऐकू नका.
मागच्या वर्षी मी ऐकली होती.
रेजिस, वर्कशॉप."
बिल नव्हतं. उलटून पाहिलं, तरी नव्हतं.

सर्व्हिसच्या पुस्तकात एक चौकोन असतो,
अधिकृत विक्रेत्याचा शिक्का येथे.
तो कपटा तिथे डिंकाने चिकटवला.
कोणी विचारलं तर म्हणेन, अंगठा आहे ना.

स्वयंपाकघरातून झेली ओरडली,
"पाकिटावरचं तिकीट
कुठल्या रकान्यात धरू?"

मी उत्तर दिलं नाही.
नुकतीच टिक वाजली होती.
पाना अजून हातातच होता.